तुम्ही विचारलेत म्हणून: पर्पेतुआचे बाळ

दर वर्षी ७ मार्चला, ख्रिस्ती श्रद्धेपायी एकत्र मारल्या गेलेल्या संत पर्पेतुआ आणि फेलिसिटी यांच्या सणाची मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपली की कोणीतरी मला गाठून विचारतेच: अंगावर पिणारे मूल मागे ठेवून मरायला निघालेली ही पर्पेतुआ तुम्हाला संत कशी वाटते? इ.स. २०३ मधले, रोमन अंमलाखालच्या उत्तर आफ्रिकेतले कार्थेज, रिंगणातली पिसाळलेली गाय, स्वतःच्या गळ्याकडे तिनेच नेलेला तलवारीचा हात, हे सगळे विचारणाऱ्यांना पाठ असते, म्हणून ते पुन्हा सांगत नाही.

पूर्वी मी ताडकन उत्तर देत असे की श्रद्धेपुढे नाती गौण असतात. तेव्हा मला मूल नव्हते, आणि तिने तुरुंगात लिहून ठेवलेली हकिगतही मी धड वाचलेली नव्हती.

बावीस-तेवीस वर्षांच्या त्या मुलीने स्वतःच्या धैर्याविषयी फारसे लिहिलेलेच नाही. तिने वडिलांविषयी लिहिले आहे. ते तिचे हात चुंबतात, पायांवर लोळण घेतात, आणि तिला ‘मुली’ न म्हणता ‘बाईसाहेब’ म्हणू लागतात. सुनावणीच्या वेळी ते बाळाला घेऊन पुढे येतात, लेकराची दया कर म्हणतात. रोमन अधिकारी हिलारियानुसही तेच सांगतो. सम्राटांच्या कल्याणासाठी यज्ञ केला तर सुटका होती; ती नकार देते. वडील तरीही तिचे मन वळवू पाहतात, तेव्हा हिलारियानुस त्यांना छडीने मारायला लावतो, आणि ती लिहिते की तो मार जणू मलाच बसला. दगडाच्या काळजाची बाई असे लिहीत नाही, एवढे तरी मान्य करा.

शिक्षा सुनावल्यावर, आजवर कोठडीत आपल्यापाशीच दूध पिणाऱ्या बाळाला आणायला ती एका धर्मसेवकाला वडिलांकडे पाठवते. ते देत नाहीत. पुढे ती लिहिते की देवाच्या इच्छेने बाळाने पुन्हा दूध मागितले नाही आणि माझ्या छातीलाही दाह झाला नाही. माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना मी नोकरीवर परत रुजू झाले, तेव्हा दुपारी दूध दाटून ब्लाऊज भिजायचा आणि मी फाईल छातीशी धरून बसायचे. त्यामुळे ती ओळ मला चमत्कारासारखी वाचता येत नाही. मरणाच्या दारात बसलेली आई आपल्या दुधाचा हिशेब लिहून ठेवते, म्हणजे तिने मूल मनातून टाकले नव्हते.

मग तिने यज्ञ करून घरी का जाऊ नये? याचे ‘ती ख्रिस्ती होती’ याहून वेगळे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि तुमच्या चेहऱ्यावरून दिसते की ते तुम्हाला पुरत नाही. काही दिवस मलाही पुरत नाही. तिने ना नवऱ्याचा उल्लेख केला आहे, ना बाळाचे नाव लिहिले आहे; आणि मूल परत न देणारा तो म्हातारा योग्यच वागला, असे मला सणाच्या दिवशीसुद्धा वाटून जाते.