तुम्ही विचारलंत म्हणून: आधुनिक काळ नेमका कधी सुरू झाला?

एक साल सांगा, म्हणजे झालं. व्याख्यान संपलं की हे वाक्य येतंच. संग्रहालयाच्या पाट्या लिहिण्यात जिची सव्वीस वर्षं गेली, तिला एवढंही सांगता येऊ नये याचं लोकांना नवल वाटतं. काही जण रागावतात, मी मुद्दाम आढेवेढे घेते म्हणतात.

साल हवं असेल तर घ्या. १४५३, कॉन्स्टँटिनोपल पडलं. १४९२, कोलंबस अटलांटिक ओलांडून गेला. १७८९, फ्रान्समधली क्रांती. प्रत्येक सालाच्या बाजूने बोलणारे विद्वान आहेत. नाइतो कोनान या जपानी इतिहासकाराने चीनमधला हा बदल सोंग राजवटीपासून, म्हणजे दहाव्या शतकापासून धरला. त्याची कारणं हसण्यावारी नेता येत नाहीत: सरदारघराण्यांची सत्ता ओसरली, परीक्षा घेऊन अधिकारी नेमायची पद्धत जोर धरू लागली, पैशाचे व्यवहार वाढले. यातलं कोणतं साल पाटीवर घालू?

'आधुनिक' हा शब्द 'अधुना'वरून आला. अधुना म्हणजे आत्ता. लॅटिनमधला 'मोडर्नुस' हाही 'नुकतंच' अशा अर्थाच्या शब्दावरून आलेला, आणि तो पाचव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत युरोपातल्या विद्यापीठांमध्ये तर्कशास्त्राचे दोन पंथ भांडत होते. त्यातल्या एकाचं नावच 'आधुनिकांचा मार्ग' होतं. ज्यांना आपण मध्ययुगीन म्हणून मोकळे होतो, त्यांच्यातच हे आधुनिक होते. आपण 'मध्य'युगात जगतोय हे कोणाला कसं कळणार? प्राचीन, मध्य आणि नवीन ही विभागणी पाठ्यपुस्तकांत रुळवली ती जर्मनीतल्या हाले विद्यापीठातल्या सेलारियस या इतिहासकाराने, सतराव्या शतकाच्या अखेरीस.

आपला जुना शब्द 'अर्वाचीन'. त्याचा अर्थ अलीकडचा. अलीकडे आणि पलीकडे हे शब्द आपण नदीच्या काठांनाही वापरतो, काळालाही. पण अलीकडचा काठ कोणता, हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. मला हे फार उशिरा उमजलं, आणि पुस्तकातून नाही.

चौदा वर्षांपूर्वी आम्ही दोन नवी दालनं उघडली, 'मध्ययुग' आणि 'आधुनिक काळ'. दोन्हींच्या पाट्या माझ्या. मध्ययुगाच्या दालनात एक हातमाग ठेवला होता, लाकडी, पायाखाली पावड्या असलेला. पलीकडच्या दालनात पहिलीच वस्तू लाकडी छापयंत्राची प्रतिकृती, कारण पंधराव्या शतकाच्या मध्यावर आलेल्या छपाईपासून आम्ही आधुनिक काळ धरला होता. मागाच्या पाटीवर मी लिहिलं होतं, 'मध्ययुगीन माग. यंत्रे येण्यापूर्वी अशा मागावर कापड विणले जाई.'

एके दिवशी एक वयस्क गृहस्थ नातीचा हात धरून आले. मी दालनातच होते. त्यांनी आधी पाटीकडे पाहिलंच नाही. दोरीच्या पलीकडून वाकून ते माग न्याहाळत होते, फणीकडे, ताण्याच्या उभ्या धाग्यांकडे, आणि एका जागी ताणा सैल सोडलाय असं नातीला दाखवत होते. मग नातीने पाटी मोठ्याने वाचली. 'विणले जाई' हे शब्द तिने सावकाश, अडखळत वाचले. ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, जाई म्हणजे?"

मी म्हटलं, "म्हणजे पूर्वी विणायचे."

"मी काल रात्री विणत होतो. ह्याच मागावर."

मी काहीतरी बोलले. पद्धत जुनी आहे, असं. त्यावर त्यांनी मागाच्या मधोमध लोंबणारी दोरी आणि तिची मूठ दाखवली. "ही दोरी ओढली की आडवं सूत नेणारा धोटा ह्या पेटीतून सुटतो आणि त्या पेटीत जातो. आमच्याकडे ही माझ्या वडिलांच्या तरुणपणी आली. त्याआधी धोटा हाताने फेकायचे. हा माग जुना कसा?"

आवाज चढला नव्हता. नात मात्र माझ्याकडे बघत होती, खरं कोणाचं हे ठरवायला. मी तिच्यासमोर "बघते मी" म्हणाले आणि कार्यालयात निघून गेले. ती आजही मला तिथेच उभी दिसते.

त्या रात्री मी पुस्तकं काढली. दोरीने उडणाऱ्या धोट्याचा शोध इंग्लंडमध्ये जॉन केने लावला, १७३३ साली. मला हे ठाऊक होतं. औद्योगिक क्रांतीच्या पाटीवर हे साल मीच लिहिलं होतं. तरी तीच दोरी समोर असताना मला ती दिसली नाही. मी 'मध्ययुगीन' ठरवलेली वस्तू माझ्या 'आधुनिक' छापयंत्राहून जवळजवळ तीनशे वर्षांनी तरुण होती. दोन्ही लाकडाची, दोन्ही हाताने चालणारी. मग मी कशावरून ठरवलं? माग कोण चालवतं, त्यावरून. दुसरं कारण मला सापडत नाही.

तेव्हाची मी म्हणाली असती: दालनांना नावं द्यावीच लागतात, आणि लाखो लोकांना कळावं तर काटछाट होणारच. हे चूक नाही. आजही मी पाट्या लिहिते, आणि पाटीला चाळीस शब्दांपलीकडे जागा नसते. पण माझ्या चाळीस शब्दांनी एका जिवंत माणसाला त्याच्या नातीदेखत भूतकाळात ढकललं. तो आणि मी एकाच दिवशी, एकाच छताखाली उभे होतो.

'सगळी नावंच ती, त्यात काय ठेवलंय' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. काहीतरी खरंच बदललं. जेनरने १७९६मध्ये देवीची लस टोचली आणि १९८०मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. उद्याचा दिवस आजच्यापेक्षा निराळा करता येतो, जन्माने मिळालेलं काम सोडता येतं, हा भरवसा सामान्य माणसापर्यंत पोचला. मी बाई असून शिकले, पगार घेते, ते याच भरवशावर. त्याला नाव नको असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आणि तोच शब्द वापरून मी त्या विणकराला पलीकडच्या काठावर उभं केलं. ही दोन्ही कामं एकाच शब्दाने होतात, आणि ती वेगळी कशी काढायची ते मला जमलेलं नाही. पुढे 'आधुनिकोत्तर' असा शब्द निघाला. 'आत्ता'च्या नंतरचा काळ! त्यानेही माझी गाठ सुटली नाही.

पाटी मी बदलली. 'मध्ययुगीन' काढलं, दोरीची माहिती आणि १७३३ हे साल घातलं, 'विणले जाई'चं 'विणले जाते' केलं. माग मात्र त्याच दालनात आहे. तो हलवायचा प्रस्ताव मी दोनदा दिला, दोन्ही वेळा परत आला, आणि दुसऱ्या वेळी 'मग नेमका कुठे ठेवायचा?' असं विचारलं गेलं तेव्हा मी गप्प राहिले. छापयंत्राशेजारी ठेवा म्हणता आलं असतं. पण म्हणजे आधुनिक हे मानाचं पान आणि ते मी आता त्यांना वाढते आहे, असंच झालं असतं ना? ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत, निदान मी असताना तरी. नात आता कॉलेजच्या वयाची असेल.