न्हाणीतली गाडी

पाहुण्यांना गोवा हवा असतो तो एक तर समुद्राचा, नाहीतर पावसाळ्यातला. मे महिन्यातला, करपलेल्या गवताचा गोवा कुणी मागत नाही, म्हणून तो आम्हाला मोकळा मिळतो.

मडगावहून पहाटेच मोटारसायकल काढली. केप्याला टाकी भरली, जांबावलीच्या दामोदराला गाडीवरूनच हात जोडले आणि रिवणचा रस्ता धरला. पुढे वर्दळ जवळजवळ संपतेच. काजूचा हंगाम सरत आला होता, तरी वळणावळणाला बोंडूंचा आंबूस वास यायचा. चाळीसच्या वर काटा नेला की हे वास हुकतात, म्हणून मी नेत नाही. (गाडीही नेत नाही, ते वेगळं.) एका झाडाखाली म्हातारी बोंडू पिळून बिया वेगळ्या करत बसलेली. "इतल्या वतांत खंय वता रे पुता?" म्हणत तिने पेलाभर निरो, म्हणजे बोंडूंचा ताजा रस, दिला. हुर्राक ही काजूची दारूही होती, पण हँडल धरायचं होतं.

पणसायमळला कुशावती नदीकाठच्या जांभ्यावर आदिमानवाने कोरलेले बैल, हरणं आणि ते गोल गोल चक्र. सकाळच्या तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात. ऊन डोक्यावर आलं की दगड पुन्हा नुसता दगड. पहाटेच निघालो होतो ते त्यासाठी.

मग कुर्डी. साळावलीच्या धरणात बुडालेलं हे गाव उन्हाळ्यात पाणी ओसरलं की महिनाभर वर येतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या आडनावातलं कुर्डी ते हेच. भेगाळलेल्या चिखलावरून गाडी हळूहळू नेली. सगळीकडे तपकिरी रंग, झाडांचे काळे बुंधे, जोती, आणि मधोमध सोमेश्वराचं देऊळ. सावली शोधून काही उपयोग नव्हता. एका पडक्या भिंतीलगत स्टँड लावला आणि हिंडत राहिलो.

परतलो तर गाडीपाशी एक आजोबा उभे. हातात छत्री, पायजमा वर दुमडलेला. सीटवर हात टेकवून ते जमिनीकडे पाहत होते.

"तुमची जागा का, काका?"

"जागा कसली," ते हसले, "म्हज्या न्हाणयेंत गाडी लायल्या मरे तुवें!"

मी घाईघाईने स्टँड काढायला गेलो, तर म्हणाले, "रावं दी. उदक येवंक आजून वेळ आसा."