मिलरचा चंबू आणि त्याची काच

जीवसृष्टीच्या उगमाविषयी काहीही वाचायला घेतले की एक आकृती हमखास समोर येते: काचेचे दोन चंबू, त्यांना जोडणाऱ्या नळ्या, एका चंबूत उकळते पाणी आणि दुसऱ्यात विजेची ठिणगी. शिकागो विद्यापीठात स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने १९५२ साली केलेला हा प्रयोग. पाणी, वायू आणि वीज यांचीच नावे त्या आकृतीत लिहिलेली असतात. काच मात्र केवळ भांडे म्हणून आपल्या नजरेतून निसटते. मला वाटते, या प्रयोगाचा सर्वांत बोलका भाग ती काचच आहे.

जीव जीवापासूनच जन्मतो, हे लुई पाश्चरने १८६०च्या दशकात हंसाच्या मानेसारख्या नळीच्या चंबूंनी दाखवून दिले आणि त्याबरोबरच एक पेच मागे ठेवला, तो म्हणजे पहिला जीव मग कोणापासून जन्मला? डार्विनने १८७१ सालच्या एका खासगी पत्रात अमोनिया, फॉस्फेट, उष्णता आणि वीज असलेल्या एखाद्या लहानशा उबदार डबक्याची कल्पना करून पाहिली होती, पण तिला शास्त्रीय मांडणीचे रूप मिळाले ते मॉस्कोत अलेक्झांडर ओपारिन (१९२४) आणि इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हाल्डेन (१९२९) यांच्याकडून. दोघांनीही एकमेकांपासून स्वतंत्रपणे असे म्हटले की, आदिम वातावरणात मुक्त ऑक्सिजन नव्हता, त्यामुळे तयार झालेली कार्बनी संयुगे नष्ट न होता समुद्रात साठत गेली. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले; त्यांचे हे नाते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते.

मिलर ज्यांच्याकडे गेला, ते हॅरल्ड युरी हे ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) शोधासाठी नोबेल मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ होते. हाती काही लागणार नाही या भीतीने त्यांनी आधी दुसरा विषय सुचवला, पण मिलरचा आग्रह पाहून त्याला मर्यादित मुदत दिली. मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेल्या पाच लिटरच्या चंबूत ठिणग्या उडू लागल्या. खालच्या चंबूतली वाफ वर जात होती आणि थंड होऊन परत येत होती. एका दिवसानंतर पाणी गुलाबी दिसू लागले आणि आठवड्याच्या अखेरीस ते गडद लाल व गढूळ झाले. त्या पाण्यातील घटक कागदावर वेगळे करून निनहायड्रिन हे रंग उमटवणारे रसायन फवारताच जांभळट ठिपके उमटले, ते ग्लायसीन आणि अलॅनिन या अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनांच्या घटकांचे होते. मे १९५३ मध्ये हा निबंध ‘सायन्स’मध्ये छापून आला, तेव्हा श्रेय विद्यार्थ्यालाच मिळावे म्हणून युरींनी आपले नाव त्यावर घातले नव्हते.

पाणी गढूळ का झाले, हेही मिलरने त्याच निबंधात नोंदवले होते: तो गढूळपणा मुख्यतः काचेतून सुटलेल्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांचा होता. अमोनियामुळे अल्कधर्मी झालेले पाणी काच हळूहळू विरघळवत होते. या एका वाक्याची पारख व्हायला जवळपास सात दशके लागली. २०२१ साली स्पेन आणि इटलीतील संशोधकांनी हाच प्रयोग तीन प्रकारे केला: बोरोसिलिकेट काचेच्या पात्रात, टेफ्लॉनच्या पात्रात आणि काचेचे तुकडे टाकलेल्या टेफ्लॉनच्या पात्रात. काचेच्या पात्रात संयुगांची संख्या आणि विविधता सर्वाधिक भरली, नुसत्या टेफ्लॉनमध्ये सर्वांत कमी, आणि तुकडे टाकलेल्या पात्राचा निकाल या दोहोंच्या मधे आला. भांडे म्हणून घेतलेली वस्तू अभिक्रियेत सहभागी होती, आणि काच म्हणजे मुख्यतः सिलिका, जी पृथ्वीच्या कवचात सर्वत्र आहे. म्हणून या प्रयोगाचे नुसते ‘वायू आणि वीज’ असे वर्णन मला अपुरे वाटते. त्यात खडकही होता.

मिलरवरचा नेहमीचा आक्षेप वेगळा आहे आणि तो रास्त आहे. आदिम वातावरणात मिथेन व अमोनियापेक्षा नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडच अधिक असावेत, असे आज बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात आणि अशा मिश्रणात अमिनो आम्लांचे उत्पादन पुष्कळ घटते. परंतु यावरून प्रयोग मोडीत निघाला असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण ज्वालामुखीच्या तोंडाशी वायूंचे मिश्रण स्थानिक पातळीवर निराळे असू शकते. मिलरच्या निधनानंतर, त्यानेच जपून ठेवलेल्या कुप्यांपैकी ज्वालामुखीसदृश मांडणीतल्या कुप्या २००८ साली नव्या उपकरणांनी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांत २२ अमिनो आम्ले सापडली.

अमिनो आम्ल तयार होणे ही तुलनेने सोपी पायरी आहे. १९६९ साली ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत ती विपुल आढळली, आणि बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ साली आणलेल्या मातीत सजीव वापरतात त्या २० पैकी १४ मिळाली. खरी अडचण सुटे रेणू जोडून लांब साखळ्या करण्यात आहे, कारण प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो आणि भोवती पाणीच पाणी असताना ते सहजी घडत नाही. खडकाची गरज येथे पुन्हा भासते. मातीच्या कणांवर रेणू चिकटून एकत्र येत असतील, ही कल्पना वैज्ञानिक जे. डी. बर्नाल यांनी मांडली होती. पुढे जेम्स फेरिस यांनी माँटमोरिलोनाइट या चिकणमातीवर, आधी रासायनिकदृष्ट्या सक्रिय केलेल्या घटकांपासून, आरएनएच्या (डीएनएसारख्याच, आनुवंशिक माहिती वाहू शकणाऱ्या रेणूच्या) साखळ्या खरोखर वाढवून दाखवल्या. हीच माती मेदाम्लांचे, पेशीच्या आवरणासारखे सूक्ष्म फुगे तयार होण्याचा वेग वाढवते, असेही २००३ साली दिसून आले.

जीवसृष्टी समुद्रतळाशी उगम पावली असे मानणारे खडकाकडे वेगळ्या बाजूने येतात. अटलांटिकमध्ये २००० साली सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’ या जागी कार्बोनेटचे, काही ठिकाणी ६० मीटर उंचीचे सुळके उभे आहेत आणि त्यांतून अल्कधर्मी, कोमट ते कढत पाणी झिरपते. अशा सच्छिद्र भिंतींच्या दोन बाजूंना आम्लतेचा जो फरक राहतो, तसाच फरक आपल्या पेशींतील ऊर्जानिर्मितीचा आधार आहे. हा युक्तिवाद मला अतिशय आकर्षक वाटतो, तरीही माझा कल भरती-ओहोटीच्या किंवा ज्वालामुखीच्या परिसरातील, आळीपाळीने सुकणाऱ्या आणि भिजणाऱ्या डबक्यांकडे आहे; पाणी आटते तेव्हा साखळी जुळायला वाव मिळतो आणि तळाला खनिजेही असतात.

साखळ्या आधी कशाच्या, प्रथिनांच्या की आरएनएच्या, याबाबत मात्र आरएनएचे पारडे जड आहे. आरएनए स्वतः विकराचे (अभिक्रियांना वेग देणाऱ्या रेणूचे) काम करू शकते, हे थॉमस चेक यांनी १९८२ साली दाखवले. पुढे रायबोसोमची रचना उलगडली, तेव्हा प्रत्येक सजीवात प्रथिने जोडणारा त्याचा गाभा आरएनएचाच असल्याचे दिसले. त्या रचनेवरील कामासाठी २००९ सालच्या नोबेलमध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांचाही वाटा होता.

एक कोडे मला सर्वांत अधिक छळते. काही रेणू डाव्या आणि उजव्या हातांसारखे, एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन घडणींत असतात. सजीवांतील अमिनो आम्ले जवळजवळ सगळी डाव्या घडणीची आणि आरएनएमधील शर्करा उजव्या घडणीची असते, पण मिलरच्या चंबूत दोन्ही घडणी समसमान होत्या, आणि बेन्नूच्या मातीतही साधारण तसेच आढळले. हा पक्षपात अंतराळातून आयता आला, या मताला त्यामुळे धक्का बसला. २०२३ साली हार्वर्डमधील संशोधकांनी चुंबकीय मॅग्नेटाइटच्या पृष्ठभागावर आरएनएच्या एका पूर्वसंयुगाचे स्फटिक वाढवले आणि ते एकाच घडणीचे मिळवले. मॅग्नेटाइट हे अगदी सामान्य खनिज आहे, तळ्यांच्या गाळातही ते मिळते. मात्र कोणती घडण वरचढ ठरणार हे चुंबकत्वाच्या दिशेवर अवलंबून होते, आणि पृथ्वीच्या उत्तर व दक्षिण गोलार्धांत ती दिशा एकमेकींच्या उलट असते.