बंद गल्ल्या आणि आमची वाटचाल

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमची नकाशे, मोजणी आणि बांधकामाची छोटी फर्म आहे. मी, माझी पत्नी, एक ड्राफ्ट्समन आणि साइटवरचा सुपरवायझर, एवढाच पसारा. घरं, गोदामं, एखादी दालमिल अशी कामं आम्ही करतोच. पण गेली काही वर्षं लोक आम्हाला ओळखतात ते गल्ल्यांच्या कामामुळे. बाजारपेठेतली पडून राहिलेली गल्ली रीतसर बंद करून तिथे गाळे उभे करायचे असले, की शेजारच्या तालुक्यातूनही माणूस आमच्याकडे येतो. या कामात आम्ही कसे पडलो आणि ते एका ठरावीक पद्धतीनंच का करतो, हे एकदा सविस्तर लिहायचं होतं.

सुरुवात नव्वदच्या दशकाच्या शेवटी झाली. भाड्याची एक खोली, ड्रॉइंग बोर्ड आणि ट्रेसिंग पेपर. अमोनिया प्रिंट काढायला एसटीनं वर्ध्याला जावं लागे. पहिली कामं शेतकऱ्यांच्या घरांची आणि ले-आउटची. पत्नी आधी फक्त हिशेब पाहायची, मग हळूहळू तिनं महसुलाचे कागद वाचायला घेतले. आखीव पत्रिका (जागेच्या मालकीचा उतारा), नझूलची म्हणजे गावातल्या सरकारी जागेची शीट, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत समोर ठेवली की त्यात काय आहे आणि काय असायला हवं होतं पण नाही, हे ती माझ्याआधी सांगते. आमच्या फर्मचं खरं भांडवल तेच आहे.

आमच्या भागातल्या जुन्या बाजारपेठा कापसानं घडवल्या. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. तेव्हा वऱ्हाडाकडे आणि वर्ध्याच्या खोऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष वळलं. हिंगणघाटचा कापूस तर त्या गावाच्या नावानंच विकला जायचा. खुद्द वर्धा शहर १८६६ मध्ये पालकवाडी या लहानशा वस्तीच्या जागी आखून वसवलं गेलं. जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणारे, कारखाने आले, त्यांच्या भोवती गोदामं आली, आणि कापसानं भरलेल्या बंड्या (बैलगाड्या) आत-बाहेर व्हाव्यात म्हणून गोदामांमधून गल्ल्या सोडल्या गेल्या. आता माल ट्रॅक्टर आणि ट्रकनं येतो, नवे जिन गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागून आहेत. जुने जिन बंद पडले आणि त्यांच्या गल्ल्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या प्रकारच्या गल्ल्यांबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. जुन्या पेठांत घरांच्या मागच्या भिंतींमधून जाणारी अरुंद गल्ली दिसते, ती सफाई गल्ली. कोरड्या संडासातला मैला डोक्यावरून वाहून नेणाऱ्या माणसांसाठी ती सोडलेली होती. त्यांनी पुढच्या रस्त्यानं येऊ नये म्हणून. ही प्रथा बंद करणारा कायदा १९९३ मध्ये झाला आणि २०१३ मध्ये त्याहून कडक कायदा आला. फ्लशचे संडास आल्यावर त्या गल्लीचं कामच संपलं. ती गल्ली मिटून तिथे चांगलं काही उभं राहणार असेल तर मला मनापासून आनंद होतो. मात्र ज्या समाजाला त्या गल्लीतून चालावं लागलं, त्याच समाजातली कुटुंबं आज बऱ्याचदा तिच्या टोकाला राहतात. गाळे वाटायची वेळ आली की ती कुटुंबं यादीत आहेत का, हे आम्ही प्रत्येक बैठकीत विचारतो. काहींना ते आवडत नाही.

गल्लीचं पहिलं मोठं काम आलं ते जिनिंगच्या भागातलं. दोन जुन्या गोदामांच्या मालकांना मधली गल्ली घेऊन व्यापारी संकुल बांधायचं होतं. गल्लीतून कोणी जात नाही, असा पाहणीचा अहवाल आधीच तयार होता. तारीख मे महिन्याची होती. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी मुख्य रस्त्यावरही कुत्रं दिसत नाही. मी गल्लीत टेप धरून उभा असताना शेजारच्या ओसरीवरून एका मावशीनं हाक मारली. म्हणाली, "साहेब, उन्हायात कोन येते इकडून? कापूस सुरू झाला का मंग पाहा. आमी साऱ्या बाया याच बोयीतून जिनावर जातो."

मी पार्टीला, म्हणजे त्या गोदामांच्या मालकांना, सांगितलं, नकाशा दिवाळीनंतर देतो. त्यांना ते पटलं नाही, पण थांबले. पावसाळ्यात पाहिलं तर तीन गल्ल्यांचं पाणी याच गल्लीत उतरून नाल्याला मिळत होतं. जिनच्या काळातली दगडी नाली कचऱ्याखाली अजून वाहती होती. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला, तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी बायांची रांग दिसली. मुख्य रस्त्यानं गेलं तर ट्रकच्या गर्दीतून लांबचा फेरा पडतो, म्हणून त्या इथून जायच्या. गल्ली बंड्यांसाठी संपली होती, पाण्यासाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी चालू होती.

त्या संकुलाचा नकाशा मग असा झाला: तळमजल्यावर आरपार सहा फुटांची वाट, दोन्ही टोकांना शटर नाही, गेट नाही. वाटेखाली काँक्रीटची झाकलेली नाली, ठरावीक अंतरावर चेंबर, आणि चेंबरची झाकणं दोन माणसांना सहज उचलता येतील अशी. दोन गाळे कमी झाले. त्यावरून बरीच रदबदली झाली. मी एवढंच दाखवून दिलं की आरपार वाट असली तर आतल्या गाळ्यांसमोरून माणसं जातात. वाट बुजवली तर आतले गाळे म्हणजे नुसती गोदामं. भाड्याचा हिशेब त्यांनीच मांडला आणि तयार झाले. आज त्या वाटेवर सुईदोऱ्याचं दुकान आहे, मोबाइल दुरुस्ती आहे, बी-बियाण्यांचं दुकान आहे. बाया अजून तिथूनच जातात.

आता कायद्याचं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

गल्ली बंद झाली की मधोमध दोरी धरायची, अर्धी माझी आणि अर्धी शेजाऱ्याची, असं बहुतेक मालकांना वाटतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तसा नियम आहे. शहरानं रस्ता सोडून दिला की दोन्ही बाजूंच्या मालकांना मध्यरेषेपर्यंत जागा मिळते. आपल्याकडे तसं होत नाही. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या १९६५ च्या अधिनियमानुसार सार्वजनिक रस्ते त्या संस्थेकडे निहित, म्हणजे तिच्याकडे सोपवलेले, असतात. कोणाच्याच मालकीचे नसलेले रस्ते, गल्ल्या, वाटा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार शासनाच्या. शिवाय आमच्या विदर्भात गावठाणाची पुष्कळ जागा नझूलची. म्हणजे गल्ली बंद झाली तरी ती जमीन लगतच्या मालकाच्या खिशात जात नाही. कायमची द्यायची तर राज्य शासनाची मंजुरी लागते.

गल्ली मंजूर विकास आराखड्यात रस्ता म्हणून दाखवलेली असेल तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं आराखड्यात फेरबदल करण्याचं कलम ३७ आलं. सभेचा ठराव, राजपत्रात सूचना, एक महिन्याच्या आत हरकती आणि सूचना, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना स्वतंत्र नोटीस, सुनावणी, आणि मग शासनाकडे प्रस्ताव. यातला एकही टप्पा गाळता येत नाही आणि गाळू नये. लोक म्हणतात, एवढं कोण करत बसतं, आधी बांधू, मग नियमित करून घेऊ. अशा कामाचा नकाशा आम्ही काढत नाही. सार्वजनिक जागेवरची अतिक्रमणं काढण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग खटल्यातला निकाल पत्नीनं टाचण करून फाइलला लावून ठेवला आहे. तो पंजाबातल्या एका गावच्या तलावाबद्दलचा आहे, पण त्यातले निर्देश सगळ्या राज्यांसाठी आहेत.

आणखी एक बाब. खासगी वहिवाटीचा हक्क वीस वर्षं अजिबात वापरला नाही तर संपू शकतो, असं १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. हा कायदा तेव्हाच्या मध्य प्रांताला, म्हणजे आमच्या वर्धा-नागपूरला, सुरुवातीपासून लागू होता. त्यावरून काही जण म्हणतात, गल्लीत वीस वर्षं कोणी फिरकलं नाही, म्हणजे रस्ता संपला. सार्वजनिक रस्त्याचं तसं नसतं. लोक चालले नाहीत म्हणून लोकांचा हक्क आपोआप बुडत नाही. तो रीतसर बंद करावा लागतो. खेड्यातलं काम असेल तर आम्ही निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनीवरच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्जही (गावच्या रूढींची नोंद) काढतो. महाराष्ट्रात हे कागद आमच्या विदर्भातच पाहायला मिळतात. खासगी जमिनीतून जाण्यायेण्याची जुनी रूढी वाजिब-उल-अर्जात नोंदलेली असते, आणि पुष्कळ तंटे ती नोंद वाचली की तिथेच मिटतात.

गल्ली बंद करण्यात बांधकामाची जी अडचण आहे ती आमच्या काळ्या मातीची. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गल्ली उघडी असते तेव्हा पाणी वाहून जातं आणि दोन्ही बाजूंच्या जुन्या भिंतींच्या पायाखाली ओल साधारण सारखी राहते. गल्लीत मुरूम भरून वर फरशी केली की पाणी अडतं, एका बाजूची माती फुगते, दुसऱ्या बाजूची तशीच राहते, आणि शेजारच्या शंभर वर्षांच्या भिंतीला तिरपी चीर जाते. मग शेजारी कोर्टात जातो, आणि त्याचं म्हणणं रास्त असतं. म्हणून अशा जागेत आम्ही साधा पाया घेत नाही. अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेतो: खाली साडेतीन मीटरपर्यंत भोक, तळाशी खोडाच्या अडीचपट रुंदीचा फुगवटा, म्हणजे इमारतीचा भार मातीच्या हालचालीच्या थराखाली उतरतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ही पद्धत काळ्या मातीसाठीच रुळवली. खर्च वाढतो. पण गल्लीतल्या कामात शेजाऱ्याची भिंत आपलीच समजून पाया घ्यावा लागतो. आम्ही खोदण्याआधी शेजारच्या प्रत्येक भिंतीचे फोटो तारखेसह काढून त्याची एक प्रत शेजाऱ्यालाच देतो.

विजेचे खांब हलवणं, नळाची जुनी लाइन वळवणं, हे सगळं करावंच लागतं. त्याचं एस्टिमेट आधी घ्यावं आणि अर्जदारानं ते पैसे बाजूला ठेवावेत.

गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्यांचा प्रश्न मात्र जास्त महत्त्वाचा. मोची, चहाची टपरी, भाजीवाली बाई. गल्ली 'वापरात नाही' म्हणताना ही माणसं कोणी मोजत नाही, कारण ती गल्लीत चालत नाहीत, बसतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं आणि नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांतले हवेत. आम्ही नकाशात त्यांच्यासाठी ओटे दाखवतो, छपरासह. काही पार्ट्यांनी ते खोडून आणायला सांगितलं. एका मोठ्या कामात तर नाली आणि ओटे दोन्ही नको होते. ते काम आम्ही सोडलं. त्या वर्षी पगार कसे द्यायचे हा प्रश्न पडला होता, ले-आउटच्या मोजण्यांवर दिवस काढले.

तरीही मी या कामाच्या बाजूनं आहे, पूर्ण बाजूनं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि तो आमच्या जिल्ह्यातून जातो. तेव्हापासून जो तो मोठ्या रस्त्याच्या कडेला प्लॉट शोधतोय. बाजार असाच बाहेर सरकत राहिला तर जुन्या पेठेत उरतील बंद गोदामं आणि कचऱ्यानं भरलेल्या गल्ल्या, आणि आठवडी बाजाराला पायी येणाऱ्या खेड्यातल्या माणसाला पावतीपुस्तकासाठीही बायपास गाठावा लागेल. पेठेत नवी जागा तयार होत नाही. आहे ती जागा या मेलेल्या गल्ल्यांतच आहे. ती व्यापाराला मिळाली पाहिजे, कायद्यानं मिळाली पाहिजे, आणि पाणी व माणूस यांची वाट ठेवून मिळाली पाहिजे. आमच्यासारख्या लहान फर्मनं हे धरून ठेवलं नाही तर मोठ्या शहरातून येणारा सल्लागार ते धरणार नाही; त्याला कापसाचा हंगाम कधी असतो तेही माहीत नसतं.

आता नकाशे संगणकावर निघतात, २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आल्यापासून मंजुरीची भाषाही बरीच एकसारखी झाली. तालुक्याच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, त्यामुळे अशा प्रस्तावांची संख्या वाढली आहे. आमच्या ड्राफ्ट्समनचा मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करून याच कामात आला आहे.

सध्या शेजारच्या तालुक्यातल्या एका सफाई गल्लीचा प्रस्ताव हरकतींच्या मुदतीत आहे. कायद्यानं लागते ती जाहिरात झालीच; त्याशिवाय आम्ही नकाशाचा मोठा फ्लेक्स मराठीत करून गल्लीच्या दोन्ही तोंडांना लावला, खाली फर्मचा फोन नंबर दिला. पहिला फोन एका सायकल दुरुस्तीवाल्या काकांचा आला. वाटेच्या टोकाला आम्ही तीन पायऱ्या दाखवल्या होत्या; त्यांचं म्हणणं, सायकल, दुधाचे कॅन आणि चाकाची खुर्ची पायऱ्यांवरून कशी जाईल? त्यांना लेखी हरकत द्यायला सांगितलं, पत्नीनं ती लिहून दिली. पायऱ्यांच्या जागी उतार घेतलेला सुधारित नकाशा या आठवड्यात नगरपंचायतीत देत आहोत.