पी५३: एका गाठीत साचलेले, दुसरीत संपलेले

लातूरला आमच्या विकृतिशास्त्र विभागात त्या दिवशी दोन स्त्रियांच्या गाठींच्या स्लाइड एकदमच हातात आल्या. एक अंडाशयाच्या कर्करोगाची, दुसरी गर्भाशयमुखाच्या. दोन्हींवर पी५३ या प्रथिनाची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटवणारी तपासणी) केलेली होती. पहिलीत जवळजवळ प्रत्येक कर्कपेशीचे केंद्रक गडद तपकिरी झाले होते, तर लगतच्या निरोगी पेशींत फिकट, तुरळक रंग होता. दुसरीत मात्र कर्कपेशींमध्ये रंग अक्षरशः शोधावा लागत होता.

शेजारी बसलेल्या निवासी डॉक्टरने विचारले, "मॅडम, पी५३ म्हणजे पेशीचा राखणदार ना? मग तो जिथे एवढा भरलाय, तिथेच कॅन्सर इतका आक्रमक कसा?"

प्रश्न रास्त होता. १९७९ मध्ये सापडलेल्या या प्रथिनाला शास्त्रज्ञही दहा वर्षे कर्करोग वाढवणारेच समजत होते, कारण अभ्यासासाठी घेतलेली त्याची रूपे बिघडलेली होती. निरोगी पेशीत पी५३ सतत तयार होते आणि काही मिनिटांतच मोडीत निघते: एमडीएम२ हे प्रथिन त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतले प्रथिने मोडणारे यंत्र, त्याचे तुकडे करते. (युबिक्विटिनच्या या यंत्रणेच्या शोधासाठी २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) एमडीएम२ पुरेसे तयार व्हावे, हा हुकूमही पी५३ च देते. जनुकात बिघाड झाला की तो हुकूम सुटत नाही, शिवाय एचएसपी९० सारखी प्रथिने बिघडलेल्या रेणूला सांभाळून घेतात. त्यामुळे उत्पादन न वाढताही ते साचत जाते, आणि त्याची काही रूपे तर गाठीच्या वाढीला हातभार लावतात. पहिल्या स्लाइडवरचा तपकिरी रंग हा असा न मोडलेल्या प्रथिनाचा होता.

दुसरीत नेमके उलटे घडले होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचे ई६ प्रथिन पेशीतल्याच ई६एपी या एन्झाइमला हाताशी धरून धडधाकट पी५३ प्रोटिअसोमकडे पाठवते. मोडतोडीची यंत्रणा दोन्हीकडे तीच. एकीकडे ती चुकवली गेली, दुसरीकडे राबवून घेतली गेली. हे इतक्या स्पष्टपणे शेजारीशेजारी मी पूर्वी पाहिले नव्हते.

दुसऱ्या बाईंचा अहवाल न्यायला औसा तालुक्यातून त्यांची लेक आली होती. तिची मुलगी लसीच्या वयात आहे असे कळल्यावर मी एचपीव्हीच्या लसीची माहिती कागदावर लिहून दिली आणि बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले.