पितळी बिजागऱ्या फिरल्या, आता रंगाचं बघायचंय

लाकडी डबीच्या बिजागऱ्यांची जोडी झाली. झाकण कुठे न अडकता उघडतं, मिटल्यावर मागची फट केसाएवढी राहते.

पत्रा ०.८ मिमी, पिन २ मिमी. पिनेभोवतीची नळी वळवायला किती पत्रा लागेल हे नुसत्या पिनेवरून काढू नका. पिन अधिक पत्र्याची जाडी धरा. २.८ गुणिले ३.१४, म्हणजे ८.८ मिमी. पत्रा मंद लाल तापवून नरम केला आणि स्टीलच्या पिनेभोवती हलक्या हाताने वळवला. कड आधी अख्खी वळवायची, कांडी (नळीचे एकमेकांत बसणारे तुकडे) मागून कापायची. उलट केलंत तर ती एका रेषेत आणताना जीव जातो.

२५ मिमीत पाच कांडी, बिजागरीच्या एका पानावर (सपाट पट्टीवर) तीन, दुसऱ्यावर दोन. पियर्सिंग सॉ (बारीक पात्याची करवत) रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवली, उरलेलं काम कानशीने. खाच नळीपाशी थांबवायची नाही, पानात किंचित आत न्यायची. नाहीतर समोरच्या कांड्याला फिरायला जागाच राहत नाही. कानशीला खडू चोळला की कीस दातांत बसत नाही. (पितळेची नवी कानस उचलून लोखंडावर घासणाऱ्यांना माझ्या टेबलापाशी मज्जाव आहे.)

भोकं पाडण्याआधी ड्रिलच्या धारेवर ऑइलस्टोन फिरवून ती जरा बोथट केली. तीक्ष्ण धार पितळेत घुसते आणि पत्राच उचलते. पितळी स्क्रू कठीण लाकडात मोडतात, म्हणून तेवढ्याच मापाचा स्टीलचा स्क्रू आधी पिळून आत बसवला आणि परत काढला.

मुठी लेथवर. त्यांचा रॉड शिसं असलेल्या पितळेचा, कीस भुग्यासारखा पडतो, काम झरझर होतं. वाकवायच्या कामाला मात्र हा रॉड घेऊ नये, तडकतो.

राहिला रंग. लॅकर (वरून द्यायचा पारदर्शक थर) मला पटत नाही, एकदा खरचटलं की चट्टे दिसतात. अमोनियाच्या वाफेचा जुनाट तपकिरी रंग हवाय. मुठींना तो बिनधास्त देता येईल, पण बिजागऱ्यांचं तसं नाही: वळवलेल्या पितळेत ताण उरलेला असतो आणि अशा पितळेला अमोनिया चिरा पाडतो. साधारण २६० अंश सेल्सिअसला तासभर ठेवलं की ताण बराच उतरतो. आधी वळवलेल्या तुकड्यावर करून बघतो. त्याला चीर गेली तर बिजागऱ्या नुसत्या मेणावर ठेवायच्या आणि जोडीला जुळाव्यात म्हणून मुठीही तशाच.