लायसन

दुपारी बायको नव्या काँप्युटरचा स्क्रीन पुसत होती. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यावर तिने फडकं दोनदा फिरवलं, मग तोंडाची वाफ सोडून तिसऱ्यांदा घासलं. "अहो, हे काय लागलंय? निघतच नाही." डाग नव्हता तो. फिकट करड्या अक्षरांत विंडोज म्हणत होतं, मला अ‍ॅक्टिव्हेट करा.

काँप्युटर मुलाने जोडला. इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलला आमच्या चार चकरा झाल्या. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, जे घेतलं त्याचा खोका मिळाला, खोक्यात वॉरंटीचा कागद. खोकी दिवाणाखाली रचून ठेवली आहेत, आमच्या घरात खोकी टाकत नाहीत. विंडोजचं मात्र कोणाला सुचलंच नाही. बजेटच्या वहीत पंख्यात लागणाऱ्या रंगीत दिव्यांचे पैसे धरले होते, पण विंडोजचा रकानाच नव्हता. लग्नाचा सगळा बाजार झाल्यावर भटजींची दक्षिणा आठवावी, तसं झालं.

इन्स्टॉल करताना स्क्रीनवर आधी 'की' मागितली, म्हणजे लायसनचा नंबर. त्याच्याच खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, माझ्याकडे 'की' नाही. मुलाने ती दाबली आणि गाडी पुढे सरकली. तिकीट मागणाऱ्यानेच 'नसेल तर बसा, बसा' म्हणावं आणि मग जन्मभर कोपऱ्यातून बघत राहावं, असा हा कारभार. वॉलपेपरसुद्धा सेटिंग्जमधून बदलू देत नाही.

ओळखीच्या एका दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "भिया, काय को दस हजार डाल रिये हो? पाँच सौ में दिलवा देता हूँ, लाइफटाइम." लाइफटाइम कोणाचा, हे मी विचारलं नाही. मुलाने मला दोन जाती समजावल्या. ओईएम म्हणजे बोर्डाला चिकटलेलं लायसन, बोर्ड गेलं की तेही गेलं. रिटेल असेल तर जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं, घर बदललं तरी देव नेतो तसं. पाचशेवालं यातलं कोणतं, यावर तो हसला.

त्या कीचं मला फार वर्षांपासून कुतूहल आहे. २५ अक्षरं, ५-५ चे ५ गट, आणि त्यात एकही स्वर नाही! ए नाही, ई नाही, ओ नाही. शून्य, एक आणि पाच हे आकडेही नाहीत. वाचताना गोंधळ नको म्हणून असेल, पण मला ते काना-मात्रा पुसून टाकलेल्या वहीसारखं वाटतं. आमच्याकडे २००३ साली पहिला काँप्युटर आला तेव्हा जोडणाऱ्या पोराने खिशातून सीडी काढली होती, तिच्यावर काळ्या मार्करने अशीच व्यंजनं लिहिलेली. तो ती बघतही नव्हता, सगळी पाठ. त्या एका कीवर आमच्या गल्लीतले निदान सहा काँप्युटर चालत असतील. विंडोज एक्सपीच्या वॉलपेपरवरची ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ सगळ्यांकडे एकच. फोटो कॅलिफोर्नियातला, चार्ल्स ओ'रिअर नावाच्या माणसाने १९९६ साली काढलेला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आई छातीठोकपणे सांगायची की हा आपल्या इंदूरजवळचा श्रावणातला जानापाव डोंगर आहे.

लायसन म्हटलं की मला मात्र आप्पाच आठवतात. आप्पा म्हणजे माझे आजोबा. रामबागेतल्या आमच्या वाड्यात रेडिओ होता, व्हॉल्व्हचा, आजीने विणलेला रुमाल डोक्यावर घेतलेला. लावल्यावर लगेच बोलायचा नाही. आधी आतून पिवळा उजेड, मग गुणगुण, आणि मग मालवा हाउसचे, म्हणजे इंदूर आकाशवाणीचे, नंदाजी-भेराजी माळवीत शेतीच्या गप्पा मारायला लागायचे. आमची वितभर शेती नव्हती, पण कपाशीवरच्या किडीची काळजी आजीला रोज लागायची.

या ऐकण्याचं लायसन असे. स्वतःच्या पैशाने घेतलेला रेडिओ स्वतःच्या घरात ऐकायची परवानगी, पोस्टाकडून. त्याचं पासबुकासारखं पुस्तक होतं. वर्षातून एकदा आप्पा काळी टोपी घालून, पुस्तक रुमालात बांधून पोस्टात जायचे, कचोरीच्या आशेने मी मागे. खिडकीतले बाबू तिकीट ओल्या स्पंजवर फिरवून पानावर चिकटवायचे आणि त्यावर धाडकन शिक्का मारायचे. शाई वाळेपर्यंत आप्पा पुस्तक मिटत नसत. उघडं पुस्तक दोन्ही हातांवर धरून, तीर्थ सांडू नये तसे ते पोस्टाच्या पायऱ्या उतरायचे.

शेजारच्या काकांकडे लायसन नव्हतं. तपासायला इन्स्पेक्टर येतो अशी हवा होती, म्हणून अनोळखी सायकलची घंटी वाजली की काकू रेडिओवर शाल टाकायच्या. आवाज बंद करायचा मात्र राहून जायचा. शालीतून तलत महमूद. इन्स्पेक्टर कधीच आला नाही. आप्पा काकांना त्यावरून एका शब्दाने बोलले नाहीत. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला उलट त्यांच्याकडेच जाऊन बसत, काकांचा रेडिओ जास्त खणखणीत होता. पुढे ऐंशीच्या दशकात सरकारने ते लायसनच काढून टाकलं.

काल रात्री मुलाने विचारलं, "बाबा, मग काय करायचं? पाचशेवालं घेऊ, का विंडोजऐवजी लिनक्स टाकू? ते तर फुकट असतं, अन् बाकायदा." टाक म्हणणार होतो. पण मग माझा हिशेबाचा प्रोग्रॅम चालणार नाही, आणि या वयात मला नवं काही शिकवायला त्याला वेळ नाही. "उद्या बघू," म्हणालो.

मग ट्रंक उघडून आप्पांचं ते पुस्तक काढलं. कडा वाळवीने खाल्ल्यात, शिक्के अजून निळे आहेत. उलटत शेवटच्या तिकिटापाशी आलो आणि शिक्क्यावरचं साल वाचून थांबलो. त्याच्या दोन वर्षं आधी आजी गेली होती. ती गेल्यावर रेडिओ कोणी लावलाच नव्हता. रुमालासकट तो माळ्यावर चढवला होता, आप्पांनी स्वतः.